छायाचित्रकारांची झांकली मूठ

झांकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण व्यवहारांत कितीही सोयीची असली, तरी विद्येच्या प्रांतांत तिच्याइतकें घातक वचन दुसरें नाहीं. वैद्याचा काढा, गवयाची चीज, सुताराची जोड, अशी किती विद्या या मुठींत गुदमरून गेली याचा हिशेब कोणीं ठेवलेला नाहीं. आमच्या मालवण किनाऱ्यावरील छायाचित्रकारांनीं, त्यांची कला इतर कलांहून वयानें लहान असतांही, हाच वडिलोपार्जित दोष उचलावा ही खेदाची गोष्ट आहे. आणि ती स्पष्ट शब्दांत सांगण्यासाठींच हा लेख आहे.

कोणत्याही प्रदर्शनांत घटकाभर उभें राहून ऐकावें. कॅमेरा कोणत्या कंपनीचा, भिंग केवढ्याला पडलें, ड्रोन कोठून आणला, हें सारें न विचारतां सांगितलें जातें. परंतु देवबागच्या संगमावरील धुकें चित्रांत इतकें मऊ कसें उतरलें असें विचारावें, तर उत्तर येतें, "तें अनुभवानें येतें." म्हणजे जें दुकानांत विकत मिळतें तें उघड, आणि जें माणसाच्या डोक्यांत आहे तें गुप्त! खरें पाहतां क्रम उलट हवा. उपकरणाची किंमत हा ज्याच्या त्याच्या खिशाचा प्रश्न आहे. त्या उपकरणानें प्रकाशाशीं कसें वागावें, हा साऱ्यांच्या शिक्षणाचा प्रश्न आहे.

या कलेचा जन्मच मुळीं मूठ उघडल्यानें झाला. १९ ऑगस्ट १८३९ रोजीं आरागोनें पॅरिसच्या विद्वत्सभेपुढें डॅगेरची कृति जाहीर केली. फ्रेंच सरकारनें डॅगेरला व निएप्सच्या मुलाला वर्षासन देऊन ती घेतली आणि जगाला खुली केली. मात्र याच डॅगेरनें इंग्लंडपुरतें तिचें पेटंट आधींच काढून ठेवलें होतें, आणि टॅलबटनेंही १८४१ मध्यें आपल्या कागदी कृतीचें पेटंट घेतलें. हौशी माणसाचे हात असे बांधले गेले. ते मोकळे केले फ्रेडरिक स्कॉट आर्चरनें. ओल्या कलोडियनची आपली कृति त्यानें १८५१ मध्यें, कसलेंही पेटंट न घेतां, एका मासिकांत छापून टाकली. १८५७ मध्यें तो गरिबींतच वारला हें खरें. परंतु पुढचीं पंचवीस वर्षें छायाचित्रणाचें राज्य त्याच्याच कृतीनें चाललें.

हें विलायतेचें झालें. आमच्या मुंबईंतही १८५४ मध्यें छायाचित्रकारांची संस्था निघाली आणि दुसऱ्याच वर्षीं तिचें नियतकालिक सुरू झालें. डॉ. भाऊ दाजी व त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या सभासदांपैकीं होते. म्हणजे तेरेखोलपलीकडच्या मांद्र्याचें, आमच्या अगदीं शेजारचें घराणें. १८५५ मध्यें एल्फिन्स्टन संस्थेंत छायाचित्रणाचा वर्ग निघाला; त्यांत शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढें नामांकित व्यावसायिक झाले. दादासाहेब फाळक्यांनीं तर चित्रपटाचा धंदा करीत असतांनाच १९१७-१८ मध्यें 'नवयुग' मासिकांत त्याविषयीं मराठींत लेखमाला लिहिली. एकशें सत्तर वर्षांपूर्वीं जें औदार्य आमच्या लोकांना साधलें, तें आज कां साधूं नये?

कोणी म्हणेल, आतां पुस्तकें विपुल आहेत, सांगण्यासारखें उरलें काय? उरलें आहे तें हेंच, कीं तीं पुस्तकें दुसऱ्या आकाशाखालीं लिहिलेलीं आहेत. सुमारें ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यांत भिंगाला बुरशी केव्हां धरते, पेटींतलें सिलिका जेल किती दिवसांनीं बदलावें, हें कोरड्या देशांतला ग्रंथकार कां सांगेल? तारकर्लीच्या पांढऱ्या वाळूवर दुपारीं कॅमेऱ्याचा प्रकाशमापक फसतो आणि वाळू राखेसारखी उतरते. म्हणून प्रकाश एक ते दीड स्टॉप अधिक द्यावा लागतो. उलट, पावसानें भिजलेल्या जांभ्याच्या भिंतीपुढें तोच मापक प्रकाश जास्त घेतो. दशावताराच्या रात्रीं विजेचे दिवे सेकंदाला शंभर वेळां लुकलुकतात. शटर फार जलद ठेवलें तर संकासुराच्या अंगावर काळे पट्टे उमटतात, एक शतांश सेकंदावर आणलें तर ते बहुधा जातात. मालवणच्या समुद्रांत बुडी मारल्यावर थोड्याच मीटरांत तांबडा रंग विरूं लागतो, आणि जवळून टाकलेल्या दिव्याखेरीज प्रवाळाचा वर्ण परत येत नाहीं. वर आल्यावर कॅमेऱ्याचें कवच गोड्या पाण्यांत भिजत ठेवलें नाहीं, तर खार त्याच्या रबरी कड्यांत जाऊन बसतो. हीं वाक्यें लिहावयास अर्धी घटकाही लागली नाहीं. एखाद्या तरुणाला तींच स्वतः शोधावयाचीं तर दोन हंगाम आणि एक भिंग खर्चीं घालावें लागतें.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे, म्हणून तो हसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. लग्नसराई संपल्यावर पावसाळाभर रिकामा बसणारा व्यावसायिक म्हणतो, शेजाऱ्याला कृति सांगितली तर तो माझें गिऱ्हाईक नेईल. परंतु गिऱ्हाईक कृतीला येतें, कीं हाताला? पंडित भातखंडे यांनीं घराण्यांनीं जपलेल्या शेंकडों चिजा स्वरलिपींत छापून टाकल्या. पण केवळ तें पुस्तक उघडून कोणीं मैफल जिंकल्याचें ऐकिवांत नाहीं. धंद्याला खरा धोका अडाणी शेजाऱ्याचा आहे. त्याला काम येत नाहीं म्हणून तो दर पाडतो. जाणता शेजारी गिऱ्हाइकाची नजर वाढवितो, आणि वाढलेली नजरच चांगल्या कामाला चांगला दाम देते.

तिसरा आक्षेप असा, कीं तंत्र सांगतां येईल, दृष्टि कशी सांगावी? सबंध दृष्टि सांगतां येत नाहीं हें मान्य. पण तिचीं कारणें सांगतां येतात. रापण ओढली जात असतां तुम्ही कोरड्यांत उभे न राहतां कमरेइतक्या पाण्यांत कां उतरलां, रांगेंतला शेवटचा म्हातारा कां निवडला, आणि सूर्य कलेपर्यंत कां थांबलां, हें सांगण्यांत कसली गुप्तता? ज्याला आपल्या निवडीचें कारण सांगतां येत नाहीं, त्याचें चित्र बहुधा योगायोगानें निघालेलें असतें.

एका ठिकाणीं मात्र मूठ झांकलेलीच बरी. वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवें अंडीं घालतात. पिल्लें उजेडाच्या रोखानें चालतात. फ्लॅशच्या झोतानें तीं समुद्राची वाट चुकतात. अशा घरट्याचा ठावठिकाणा जगजाहीर करणें हें ज्ञानदान नव्हे, ती शिकाऱ्याची बढाई आहे. आमची विपरीत बुद्धि अशी, कीं जागा सांगून गर्दी जमवावी आणि कृति लपवून मोठेपणा मिरवावा.

हा वाद केवळ उमेदवारांच्या सोयीचा नाहीं. सावंतवाडी, वेंगुर्लें, मालवण येथील जुन्या स्टुडिओंच्या माळ्यांवर ज्या निगेटिव्ह पडून असतील, त्यांना येथली दमट उष्णता सोडणार नाहीं. ॲसिटेटची फिल्म अशा हवेंत आंबते, तिला शिरक्याचा वास सुटतो, ती आकसते आणि चित्र नष्ट होतें. थंड व कोरड्या जागेनें तिचें आयुष्य वाढतें. परंतु कोणत्या पेटींत कोणाचें घर, कोणती जत्रा, कोणतें गलबत आहे, हें ज्याला ठाऊक तो वृद्ध छायाचित्रकार आज विचारला गेला नाहीं, तर उद्यां कोणाला विचारणार?

म्हणून माझें मागणें साधें आहे. प्रदर्शनांतील प्रत्येक चित्राखालीं नुसतें नांव न लिहितां वेळ, प्रकाश, शटर आणि फसलेले प्रयत्नही लिहावे. वर्षांतून एकदां पावसाळ्यांत, जेव्हां हातांना काम नसतें, मालवण किंवा कुडाळ येथें बसून एकमेकांचीं चित्रें निर्दयपणें तपासावीं, आणि त्या चर्चेचें टिपण मराठींत छापावें. याला ना सरकारी अनुदान लागत, ना नवा कॅमेरा. लागतें तें फक्त आपल्यामागून येणाऱ्याचें चित्र आपल्याहून सरस निघालें, तर तें सोसण्याचें मन. तें ज्याच्यापाशीं नाहीं, त्यानें हवीं तितकीं भिंगें विकत घ्यावीं. कलेच्या पेढीवर तो दिवाळखोरच राहील.