आईचा वेळ कुणाच्या नावावर?

‘इतका छान ब्रेड करतेस, मग विकत का नाहीस गं?’

हा प्रश्न विचारणारी माणसं वाईट नसतात. शेजारच्या काकू असतात, ऑफिसातली मैत्रीण असते, नवऱ्याचा मित्र असतो. त्यांना कौतुकच करायचं असतं. पण हाच मित्र दर दोन महिन्यांनी हरिश्चंद्रगडावर नाहीतर राजमाचीला जातो. पाठीवर सॅक, पायात नवे बूट, रविवारी रात्रीपर्यंत घरी पत्ता नाही. त्याला आजवर कुणी विचारलेलं नाही, ‘इतका छान गड चढतोस, मग त्याचे पैसे का घेत नाहीस?’ त्याला ट्रेक आवडतो म्हणून तो जातो. विषय संपला. मी ब्रेड भाजते, क्रोशाच्या सुईने विणते, आठवड्यातून चार दिवस पहाटे टेकडीवर धावते. आणि मला दोन वर्षांची मुलगी आहे. त्यामुळे माझा विषय कधीच संपत नाही.

आपल्याकडे आईने छंद जोपासायला बंदी नाही. फक्त त्याला कारण लागतं. चालणारी कारणं तीनच: मुलासाठी, पैशासाठी किंवा बारीक होण्यासाठी. या तिन्हींत न बसणारा वेळ घेतला, की तो तिने कुणाच्या तरी वाट्यातून काढलाय असं सगळ्यांना वाटू लागतं.

विणकामाचंच घ्या. लेकीसाठी टोपडं विणत होते, तेव्हा सगळं घर खूश होतं. स्वतःसाठी शाल घेतली, तर ‘एवढा वेळ मिळतो तुला?’ ही सवय जुनी आहे. लग्नात मांडलेलं रुखवत आठवा. मण्यांची तोरणं, भरतकामाचे रुमाल, लोकरीच्या बाहुल्या. बायकांनी रात्री जागून केलेली ती कला, पण मांडली जायची ती मुलगी किती गुणाची हे सासरच्यांना दिसावं म्हणून. आता ते टेबल मोबाइलमध्ये आलंय. दुपारी मूल झोपलं की केलेली वस्तू, तिचा रील, त्याला आलेले लाइक. बघणारे बदलले, पण आपण काहीतरी सिद्ध करून दाखवायचं, हे तसंच राहिलं.

बेकिंगची गोष्ट पैशाची. दिवाळीत रवा-मैदा-तूप घेऊन बेकरीत जायचं आणि नानकटाई भाजून आणायची, हे आपल्या आया-आज्यांनी केलेलं आहे. त्यांना कुणी ‘स्टार्टअप काढ’ म्हटलं नाही. आज ओटीजी घेतला की दुसऱ्याच आठवड्यात ऑर्डरचा विषय निघतो. घरून केक विकणाऱ्या बायकांबद्दल मला आदर आहे. स्वतःच्या खात्यात पैसे असणं काय असतं, हे नोकरी करणाऱ्या मला कळतं. पण ते काम आहे: एफएसएसएआयची नोंदणी, रात्री अकराला आयसिंग, ‘थोडं कमी करा ना’ म्हणणारी गिऱ्हाइकं. दिवसभर नोकरी आणि घर सांभाळणाऱ्या बाईला विरंगुळा म्हणून तिसरी पाळी सुचवणं, याला कौतुक कसं म्हणायचं?

मला ब्रेड का आवडतो, ते सांगते. घरातलं बाकी कुठलंच काम पूर्ण होत नाही. घासलेली भांडी दोन तासांत पुन्हा सिंकमध्ये, घडी केलेले कपडे संध्याकाळपर्यंत जमिनीवर. ब्रेड मात्र संपतो. यीस्ट फसफसतं, पीठ फुगतं, भाजलं जातं, झालं. क्रोशाची ओळही तशीच. मी उसवेपर्यंत ती विणलेलीच राहते.

आणि व्यायाम. बाळंतपणानंतर घरी आलेल्या बहुतेक बायकांनी बाळाआधी माझं पोट पाहिलं. आधी डिंकाचे आणि अळिवाचे लाडू खाऊ घालायचे, मग ‘सुटलीस हं’ म्हणायचं. जागतिक आरोग्य संघटना बाळंतपणानंतरच्या बायकांनाही आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करायला सांगते. पण मी टेकडीवर वजन मोजत धावत नाही. त्या चाळीस मिनिटांत मला कुणी हात लावत नाही, कुणी हाक मारत नाही. लहान मूल अंगाखांद्यावर वाढवणाऱ्या बाईला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

‘आई आनंदी तर बाळ आनंदी’ असं आता समजूतदार लोक म्हणतात. हे वाक्य गोड आहे, म्हणूनच जास्त फसवं आहे. म्हणजे माझा आनंदसुद्धा बाळाच्या पोषणातला एक घटक! उद्या माझ्या धावण्याचा लेकीला काडीचा फायदा झाला नाही, तर मी धावायचं नाही का?

हा फक्त माझ्या घरातला रुसवा नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात दिवसभरात काहीतरी बिनपगारी घरकाम केलेल्या बायका ८१.२ टक्के निघाल्या, पुरुष २६.१ टक्के. काम करणाऱ्यांतही बायकांची रोजची सरासरी २९९ मिनिटं, पुरुषांची ९७. २०२४च्या सर्वेक्षणात हेच आकडे २८९ आणि ८८ झाले. बायकांची दहा मिनिटं वाचली, पण ती पुरुषांनी उचलली असंही नाही. त्यांचीही नऊ कमीच झाली.

कायदाही हेच शिकवतो. २०१७च्या दुरुस्तीनंतर आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, ते चांगलंच झालं. पण केंद्र सरकारी नोकरीतल्या बापाला १५ दिवस, आणि खासगी नोकरीतल्या बापाला द्यायलाच हवी अशी रजा कायद्यात नाही. त्या २६ आठवड्यांत आई रडण्याचे अर्थ, औषधांची मात्रा, झोपेच्या वेळा सगळं शिकते. बाप तोवर पाहुणा होतो आणि पुढे कित्येक वर्षं ‘मदत’ करत राहतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. हे सगळे फ्लॅटमधल्या बाईचे चोचले. तुझ्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंना कुठे मिळतो असा वेळ? नाही मिळत. त्या चार घरच्या पोळ्या लाटून स्वतःच्या घरी पुन्हा पोळ्या लाटतात, आणि माझ्या मोकळ्या तासात त्यांच्या कष्टांचा वाटा आहे. म्हणून त्यांना भरपगारी सुट्टी हवी, आजारपणात पैसे कापले जायला नकोत, आणि ते देणं माझ्यापासून सुरू होतं. पण मी सुई खाली ठेवली म्हणून त्यांचा एक मिनिटही वाचणार नाही. दोघींच्याही घरात पोळ्या लाटू शकणारे पुरुष आहेत. प्रश्न त्यांना विचारा.

तुमच्या घरात लहान मूल असेल, तर आठवड्यातले काही तास तिच्या नावावर ठरवून टाका. त्या तासांत मूल, गॅस, दारावरची बेल, सगळं तुमचं. डायपर कुठे ठेवलेत, हे फोन करून विचारायचं नाही, शोधायचे. आणि ती परत आली की काय विणलं, किती विकलं, किती किलो उतरलं, असला हिशेब मागू नका. तिने त्या वेळात नुसतं खिडकीत बसून चहा प्यायला असेल, तर तेवढं पुरे आहे.