कॅमेरा पाण्यात जाणार, पण किती वेळा?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या शेतातल्या विहिरीत माझा फोन गेला. पडला नाही, मीच घेऊन उतरलो. डब्यावर आयपी६८ लिहिलेलं होतं आणि वरून चुलतभाऊ ओरडत होता, ‘काय करायलास रे, मार ना उडी!’ मारली. रील झकास आलं असणार, पण ते अजून फोनमध्येच आहे आणि फोन कपाटात. सर्व्हिस सेंटरवाल्यानं फोन उघडला, आतली लाल झालेली पट्टी दाखवली आणि शांतपणे म्हणाला, ‘पाण्यानं झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही.’

चूक माझीच होती. आयपी६८ मधला ६ धुळीसाठी आणि ८ पाण्यासाठी असतो. पण ही चाचणी नव्याकोऱ्या फोनवर, स्थिर गोड्या पाण्यात, कंपनीनं ठरवलेल्या खोलीवर आणि तेवढ्याच वेळापुरती होते. बहुतेक फोनांना ती दीड मीटर आणि अर्धा तास अशी असते. दोनदा खाली पडून कडेला चीर गेलेला फोन हातात धरून कठड्यावरून उडी मारली, तर पाणी त्याच्यावर थप्पड मारल्यासारखं आदळतं. त्याची हमी कोणीच दिलेली नसते.

तेव्हापासून नायगावात कॉलेजच्या कट्ट्यावर हा विषय निघाला की सगळे मलाच विचारतात, ‘जमिनीवरही चालेल आणि पाण्यातही, असा स्वस्तातला कॅमेरा सांग.’ माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्यातल्या दहापैकी आठ जणांनी असा कॅमेरा घेऊ नये.

आता का ते ऐका. ‘दोन्हीकडे चालणारा’ म्हणून जो खरा कॅमेरा आहे, त्याला टफ कॉम्पॅक्ट म्हणतात. ऑलिंपसचा टीजी-६ २०१९ साली आला. पुढे कंपनीनं कॅमेऱ्यांचा धंदाच वेगळा केला आणि २०२३ मध्ये टीजी-७ ओएम सिस्टिम या नावानं आला. दोन्ही वेगळ्या डब्याशिवाय १५ मीटर खोल जातात. निकॉनचा डब्ल्यू३०० तर ३० मीटरपर्यंत जायचा. मजबूत, खिशात मावणारे, चिखलात पडले तरी नळाखाली धुता येणारे. टीजीची एक गोष्ट मला मनापासून आवडते, तो एक सेंटीमीटरवरूनही फोकस करतो. कापसाच्या बोंडावरची अळी त्यात राक्षसासारखी दिसते.

पण त्यातला सेन्सर नखाएवढा, १/२.३ इंची. आज मधल्या किमतीच्या बऱ्याच फोनांचा मुख्य सेन्सर त्याहून मोठा असतो. म्हणजे जमिनीवर, त्यातही संध्याकाळी किंवा मंडपाच्या पिवळ्या उजेडात, तुमचा फोनच सरस ठरेल. पैसे मोजले जातात ते फोटोच्या दर्जासाठी नाही, न भिजण्यासाठी. आणि नायगावात राहून आपण वर्षातून किती दिवस पाण्याखाली असतो? मी हिशेब केला, माझे चार आले.

ज्याला पंधरा-वीस हजारांत कॅमेरा घेऊन लग्नं, बारशी, गावातले कार्यक्रम शूट करायचेत, खर्च वसूल करायचाय, त्यानं पाणी डोक्यातून काढून टाकावं. नांदेडला जाऊन जुना डीएसएलआर आणि ५० एमएम एफ/१.८ लेन्स बघावी. तिथला सेन्सर टफ कॅमेऱ्याच्या साधारण बारा पट मोठा असतो, आणि ते फोटोत दिसतं. पावसात शूट आलंच तर वर प्लास्टिकची पिशवी आणि रबर बँड. हसू नका, मोठमोठे फोटोग्राफर हेच करतात.

उरले दोन जण, ज्यांना खरंच पोहण्याचं वेड आहे. त्यांनी अ‍ॅक्शन कॅमेऱ्याकडे बघावं, तोही एक-दोन पिढ्या जुना. गोप्रोचे हीरो५ पासूनचे मुख्य मॉडेल वेगळ्या डब्याशिवाय १० मीटर जातात, डीजेआयचा ओस्मो अ‍ॅक्शन ४ हा १८ मीटर. हे मुळात व्हिडिओचे कॅमेरे. झूम जवळजवळ नाही, अंधारात फोटो मातकट येतात. पण पाण्यात झूम लागतही नाही. दोन-तीन हजारांत मिळणाऱ्या, नाव नसलेल्या ‘४के’ डब्यांपासून मात्र लांब राहा. आत अनेकदा कमी रिझोल्यूशनचं चित्र ताणून मोठं केलेलं असतं.

जुना घेताना काय बघायचं, हे शेतातल्या पोरांना वेगळं शिकवायला नको. मोटारीचा वायसर कडक झाला की पाणी गळतं, तसंच इथं. बॅटरीचं झाकण उघडा, कडेची रबरी पट्टी मऊ आहे का, तिच्यात केस किंवा वाळूचा कण अडकलाय का, ते बघा. बॅटरीच्या पत्र्यांवर हिरवट गंज दिसला तर व्यवहार तिथंच थांबवा. लेन्सच्या आत वाफ धरली असेल तरीही. विकणारा बादलीत बुडवून दाखवेल, त्याला भुलू नका. बादलीत दाब कुठून येणार? १० मीटर खोलीवर तो हवेतल्यापेक्षा दुप्पट असतो.

आणि पाण्यात फोटो काढणं म्हणजे जमिनीवरचे फोटो ओले करणं नव्हे. पाणी लाल रंग आधी खातं. पाच-सहा मीटरवर तो जवळजवळ संपतो आणि सगळं निळं-हिरवं दिसायला लागतं. वस्तू असते त्यापेक्षा एक तृतीयांश मोठी भासते, म्हणून आपण लांबच थांबतो आणि तिथंच फोटो फसतो. जवळ जा, हात पोचेल इतकं जवळ. गोदावरी पावसाळ्यात चहासारखी असते, तेव्हा कितीही महाग कॅमेरा न्या, तरंगणाऱ्या मातीचेच फोटो येतील. फ्लॅश मारला तर तो गाळच आधी चमकतो. त्यापेक्षा हिवाळ्यातली, निवळलेल्या पाण्याची विहीर, दुपारी बारा वाजता, उन्हाची तिरीप खाली उतरते तेव्हा. तिथं तीन-चार हात खोलीवर जे दिसतं, त्यासाठी मालवणला जायची गरज नाही.

मालवण-तारकर्लीची सहल ठरली असेल तर कॅमेरा विकत घेण्याचं ते सगळ्यात कच्चं कारण. तिथं स्कूबा करवणारे बरेच जण तुमचा व्हिडिओ स्वतःच काढून देतात, आणि पहिल्यांदा खाली जाताना श्वास सांभाळायचा की बटण दाबायचं, हा प्रश्न आधी सुटायला हवा. नेलाच कॅमेरा, तर समुद्रातून बाहेर आल्या आल्या गोड्या पाण्यात बुडवून ठेवा. मीठ वाळलं की बटणं आवळतात.

एक गोष्ट मात्र मी ऐकून घेणार नाही. विहिरीत किंवा धरणावर एकट्यानं कॅमेरा घेऊन उतरायचं नाही. कॅमेरा धरलेला हात पोहत नाही, आणि नजर स्क्रीनवर असली की पायाखालची शेवाळलेली पायरी दिसत नाही. काठावर पोहता येणारा माणूस आणि दोरी हवीच.

आम्ही चौघांनी शेवटी वर्गणी काढून एक जुना अ‍ॅक्शन कॅमेरा घेतला. नरसीच्या एका मित्राकडे तो राहतो, ज्याला हवा त्यानं वहीत नाव लिहून न्यायचा, परत देताना रबर पुसून द्यायचं. परवा विहिरीत एक कासव मिळालं त्यात, पूर्ण सात सेकंद. चुलतभाऊ अजून म्हणतो की तो दगड आहे.