धोबीतलावची कैफियत

मुंबईच्या धोबीतलावावर उभे राहून ‘मेट्रो कोठे?’ असे कोणाला विचारले, तर उत्तर देणाऱ्याच्या वयाचा अदमास त्याच्या उत्तरावरून करता येतो. ज्याची पन्नाशी उलटली आहे तो मान वर करून चौकातल्या चित्रगृहाकडे बोट दाखवतो. ज्याची विशी नुकतीच सरली आहे तो जवळच्या काळबादेवी स्थानकाची, म्हणजे २०२५ च्या ऑक्टोबरात कफ परेडपर्यंत धावू लागलेल्या भुयारी रेल्वेच्या जिन्याची, वाट सांगतो. वस्तू जाऊन नाव मागे राहावे, किंवा नाव तेच राहून त्याखालची वस्तू पालटावी, हा प्रकार या वस्तीला अपरिचित नाही. धोब्यांचा तलाव केव्हाच बुजवला गेला. आणि फॉकलंड रोडवरच्या ‘प्लेहाऊस’चे लोकांच्या जिभेवर ‘पिला हाऊस’ झाले, तेव्हा त्या शब्दात एक नाटकगृह दडले आहे याचा बोलणाऱ्यांनाच विसर पडला. शहरांच्या मध्यवस्तीतील चित्रगृहे, उपाहारगृहे आणि दुकाने यांच्या फिरलेल्या दिवसांचा विचार करताना आम्ही हाच चौक प्रमाण म्हणून निवडला आहे, कारण त्या तिघांचे परस्परांशी असलेले नाते येथे हाताच्या अंतरावर पाहावयास मिळते.

हॉलिवुडच्या मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीने १९३८ मध्ये येथे आपले चित्रगृह उभारले. त्याच्या समोर इराण्याचे ‘कयानी’ १९०४ पासून चहा आणि मावा केक विकत बसलेले होतेच. थोड्या चालीवर १९४९ मध्ये ‘लिबर्टी’ चित्रगृह उघडले, ज्याचे नाव नुकत्याच मिळालेल्या स्वातंत्र्यावरून ठेवलेले आणि ज्याची अंतर्रचना वामन नामजोशी यांच्या हातची. काळबादेवीच्या तोंडाशी ‘एडवर्ड’ होते, आणि त्यापलीकडे कापडाची, भांड्यांची, वाद्यांची दुकाने. आता या साऱ्यांचे घड्याळ पाहावे. तीन, सहा आणि नऊ हे खेळांचे ठरलेले प्रहर. सहाचा खेळ सुरू होण्यापूर्वी तीनचा सुटे, तेव्हा आत जाणारा आणि बाहेर पडणारा असे दोन लोंढे एकाच पदपथावर समोरासमोर येत, आणि ज्याला तिकीट मिळाले नाही तो, ज्याचा सोबती अजून आला नाही तो, आणि ज्याला खेळ पाहून झाल्यावर त्याविषयी बोलल्यावाचून घरी जाववत नाही तो, असे तिघेही इराण्याच्या संगमरवरी मेजाभोवती जमत. रात्री नऊचा खेळ सुटेपर्यंत कोपऱ्यावरचा पानवाला दुकान बंद करीत नसे. आणि पानवाल्याचा दिवा जळतो आहे म्हणून शेवटच्या गाडीसाठी मरीन लाइन्सकडे निघालेल्या बाईमाणसाला त्या वाटेचे भय वाटत नसे.

चित्रपट आणि उपाहारगृह यांचे हे सख्य नंतर जडलेले नाही, ते जन्मतःचे आहे. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा हिंदुस्थानातला पहिला खेळ झाला तो वॉटसन यांच्या हॉटेलात, एक रुपया प्रवेशमूल्य घेऊन. दुकानाचे नातेही तितकेच जवळचे आहे. कुलाब्याच्या ‘स्ट्रँड’ चित्रगृहाच्या आवारात १९४८ मध्ये टी. एन. शानभाग यांनी पुस्तकांचे एक लहानसे खोपटे मांडले. तेच पुढे फोर्टमध्ये येऊन ‘स्ट्रँड बुक स्टॉल’ या नावाने देशभर प्रसिद्धी पावले. या दुकानाने आपल्या नावात त्या चित्रगृहाचे ऋण अखेरपर्यंत वागवले, आणि २०१८ मध्ये ते बंद झाले. त्याच्या दोन वर्षे आधी काळा घोड्याच्या ‘ऱ्हिदम हाऊस’ या गाण्यांच्या दुकानाने दारे लावली होती. वर्तमानपत्रांनी या घटना निरनिराळ्या मृत्युलेखांसारख्या छापल्या. आमच्या नगररचनेच्या व्यवसायाने त्या एकाच ताळेबंदात मांडावयास हव्या होत्या.

कारणांची मीमांसा करताना दूरचित्रवाणीकडे बोट दाखवून मोकळे होण्याची आपल्याकडे रूढी आहे. १९७२ मध्ये मुंबईत दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले, १९८२ मध्ये रंग आले, पाठोपाठ व्हिडिओ आणि केबल आली, हे सर्व खरे. परंतु पडदा घरात आल्याने माणूस घराबाहेर पडावयाचाच थांबला असता, तर १९९७ मध्ये दिल्लीच्या साकेतमध्ये निघालेल्या बहुपडदा चित्रगृहामागोमाग देशभर तशा चित्रगृहांची रांग लागली नसती. माणूस बाहेर पडतच राहिला. त्याला कोठे न्यावयाचे हे मात्र कायद्याने आणि नकाशाने ठरवले. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये नव्या बहुपडदा चित्रगृहांना पहिली तीन वर्षे करमणूक शुल्क संपूर्ण माफ केले आणि पुढची दोन वर्षे केवळ चतुर्थांश घेण्याचे ठरवले. त्याच वेळी चौकातले जुने एकपडदा चित्रगृह पुरते शुल्क भरीत होते. गुंतवणूक यावी हा सवलतीचा हेतू गैर नव्हता. पण एकाच गल्ल्यावर दोन वजने ठेवली की तागडी कोणत्या बाजूला झुकणार हे सांगावयास ज्योतिषी लागत नाही. शिवाय नवी चित्रगृहे ज्या मॉलच्या वरच्या मजल्यांवर गेली, तेथे खेळ सुटल्यावर प्रेक्षक रस्त्यावर येत नाही. तो सरकत्या जिन्याने त्याच मालकाच्या उपाहारगृहात आणि तेथून तळघरातल्या आपल्या मोटारीत उतरतो. चहाचा पेला, पान आणि पुस्तक यांवर जो खर्च पूर्वी पाच-पंचवीस उंबरठ्यांवर वाटला जात होता, तो एका दारात जमा होऊ लागला.

आता दोषाचे आपल्या पदरचे माप. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकातून खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली, १९७० मध्ये त्यासाठी सिडको स्थापन झाली, आणि पुढे वांद्रे-कुर्ला संकुल आकाराला आले. बेटाच्या दक्षिण टोकावर साचलेला कचेऱ्यांचा भार हलवणे आवश्यक होते, आणि त्या विचारवंतांना दोष देण्याचा आमचा मुळीच मानस नाही. परंतु कचेऱ्या हलवताना जागेचे क्षेत्रफळ आम्ही मोजले, लोकलचे उतारू मोजले, आणि सहा वाजता कचेरी सुटल्यावर त्या कारकुनाच्या खिशातून जे आठ-दहा रुपये फोर्ट आणि धोबीतलावच्या पदपथांवर गळत होते, ते कोणी मोजले नाहीत. २०१० मध्ये हिऱ्यांचा बाजार ऑपेरा हाऊसहून वांद्रे-कुर्ल्याला नेण्यात आला, तेव्हाही हीच चूक नव्याने घडली. गिरणगावात तर याहून क्रूर प्रकार झाला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगारांच्या पाळ्या थांबल्या, आणि पाळ्यांवर चालणाऱ्या खानावळी, चहाची दुकाने आणि चित्रगृहे यांचे घड्याळही थांबले. पुढे गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे उभे राहिले. गिरणीच्या जमिनीवरचे लालबागचे ‘भारतमाता’ मराठी चित्रपटांचे हक्काचे घर म्हणून तगून राहिले, ते लोकांच्या हट्टामुळे, आमच्या एखाद्या तरतुदीमुळे नव्हे.

आमची जी तरतूद होती तिचीही कहाणी सांगण्यासारखी आहे. चित्रगृहाची जागा पुनर्विकासास काढली तरी तेथे ठरावीक आसनांचे चित्रगृह राखावे, असा दंडक विकास नियंत्रण नियमांत घालण्यात आला. हेतू रक्षणाचा, परिणाम पुष्कळ ठिकाणी असा झाला की मालकाला चित्रगृह चालवणे परवडेना आणि बंद करणे साधेना, म्हणून त्याने दाराला कुलूप घालून अनुकूल काळाची वाट पाहणे पसंत केले. कुलूप लागलेले चित्रगृह हे नियमाच्या दृष्टीने चित्रगृहच असते. शेजारच्या पानवाल्याच्या दृष्टीने ती नुसती काळोखाची भिंत असते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याचाही असाच दुहेरी गुण दिसतो: गोठलेल्या भाड्यामुळेच जुना इराणी आणि लहान दुकानदार मोक्याच्या जागी टिकला, आणि त्याच भाड्यामुळे मालकाने छपराची डागडुजी सोडून दिली. ज्या वॉटसन हॉटेलात पहिला खेळ झाला त्याची आजची जर्जर अवस्था पाहिली, म्हणजे हा दुसरा पक्ष ध्यानात येतो.

पुनरुज्जीवनाची उदाहरणे आहेत, आणि ती नीट वाचली पाहिजेत. १९९३ मध्ये बंद पडलेले रॉयल ऑपेरा हाऊस आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली दुरुस्त होऊन २०१६ मध्ये पुन्हा उघडले. चर्चगेटचे ‘इरॉस’, जे १९३८ पासून हजारावर प्रेक्षकांना एका छताखाली बसवीत होते, ते काही वर्षे बंद राहून २०२४ मध्ये सुमारे तीनशे आसनांच्या आयमॅक्स पडद्यासह उघडले, आणि उरलेल्या वास्तूत दुकान आले. आमच्या काही मित्रांना यात पराभव दिसतो. आम्हांला तसे वाटत नाही. रिकाम्या हजार खुर्च्यांपेक्षा भरलेल्या तीनशे खुर्च्या रस्त्याला अधिक उपकारक असतात, आणि ‘मेट्रो’नेही २००६ मध्ये आपला एक पडदा मोडून अनेक केले म्हणूनच तो चौक आज रात्री उजळलेला असतो. १९९५ च्या वारसा नियमावलीने दर्शनी भिंती वाचवल्या याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. मात्र भिंत वाचली म्हणजे दार वाचले असे होत नाही: नव्या व्यवस्थेत लोक रस्त्यावरून आत जातात की वाहनतळातून, आणि बाहेर पडल्यावर कोणत्या पदपथावर येतात, या प्रश्नाला त्या नियमावलीत स्तंभ नाही.

गतकाळाचे गोडवे गाण्याचा हा प्रपंच नव्हे. त्या जुन्या संध्याकाळींतही स्टॉलचा प्रेक्षक आणि बाल्कनीचा प्रेक्षक निरनिराळ्या जिन्यांनी चढत, आणि धुराने कोंदलेल्या त्या दालनांत सगळेच काही रम्य नव्हते. आमचे म्हणणे इतकेच की चौकाचे दैव ज्यावर अवलंबून असते ती वस्तू म्हणजे त्याचे प्रहर, आणि आमच्या नकाशांवर प्रहर नाहीत. जमीनवापराचा नकाशा प्रत्येक भूखंडाला एक रंग देतो. तो रंग सकाळी दहाला जो असतो तोच रात्री दहाला असतो.

म्हणून व्यवसायबंधूंना काही व्यवहार्य सूचना कराव्याशा वाटतात. मध्यवस्तीच्या कोणत्याही पुनर्विकासाची तजवीज तपासताना तळमजल्यावरच्या लहान गाळ्यांची संख्या आधी किती होती आणि नंतर किती राहील, हे विचारावे. दहा गाळ्यांचे एक दालन होणे ही केवळ मालकाची सोय नसून रस्त्याचे नऊ दिवे मालवणे आहे. कोपऱ्यांविषयी विशेष दक्ष असावे. कोपऱ्याची जागा हिंदू व्यापारी अशुभ मानीत, म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळाली असे सांगतात. ते काहीही असो, दोन रस्त्यांवर उघडणाऱ्या दारांचे आणि दोन्हीकडून येणाऱ्या उजेडाचे मोल त्या लोकांनी ओळखले, आणि आपण मात्र त्याच कोपऱ्यावर वाहनतळाचा उतार काढतो. चित्रगृह विभागण्यास, लहान करण्यास किंवा त्यात अन्य वापर मिसळण्यास उदारपणे परवानगी द्यावी, पण मुख्य दार पदपथावरच राहील ही अट कधी सोडू नये. आणि भुयारी रेल्वेच्या स्थानकांचा विचार केवळ रहदारीचा म्हणून करू नये. काळबादेवी, गिरगाव, हुतात्मा चौक या स्थानकांनी जो लोंढा दशकांनंतर जुन्या पेठेच्या पायाशी आणून सोडला आहे, त्याला जिना चढून आल्यावर समोर सलग पदपथ, बसावयास जागा, स्वच्छ मुतारी आणि रात्री उशिरापर्यंत उघडे असलेले एखादे दुकान मिळाले, तर तो तेथे रेंगाळेल. पत्र्याचे कुंपण आणि उभ्या मोटारींची रांग मिळाली, तर तो मान खाली घालून निघून जाईल.

पुण्याच्या अलका चौकापासून जिल्ह्याच्या गावातील बसस्थानकासमोरच्या टॉकीजपर्यंत प्रत्येक वाचकाच्या कार्यक्षेत्रात असा एक तरी चौक असेलच. आमची विनंती अशी की आपण आपल्या चौकात एका शनिवारी सायंकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत उभे राहावे, प्रत्येक तासाला कोणते दार उघडे आहे, कोणता दिवा जळतो आहे आणि कोण कोठून कोठे जात आहे, याची साधी नोंद करावी, आणि ती हाताने काढलेल्या नकाशासह आमच्याकडे पाठवावी. पुढील अंकांपासून अशा नोंदी क्रमाने प्रसिद्ध करण्याचा आमचा संकल्प आहे. धोबीतलावची नोंद आम्ही स्वतः करू. तिची सुरुवात कयानीच्या दारापासून आणि शेवट ‘मेट्रो’चा शेवटचा खेळ सुटल्यावर, मरीन लाइन्सच्या वाटेवर कोणाचा दिवा अजून चालू आहे ते पाहून होईल.