हा निसर्गाचा कोप नव्हे!
७ फेब्रुवारी २०२१ रोजी चमोलीत रौंठी शिखराखालून खडक व हिमाचा प्रचंड कडा कोसळला. ऋषिगंगेतून दगडमातीचा लोंढा उतरला. दोनशेहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. त्यांत तपोवनच्या बोगद्यात राबणारे मजूर होते. याला निसर्गाचा कोप म्हणणे राज्यकर्त्यांना सोयीचे, कारण मग जाब विचारता येत नाही! परंतु भूकंपमापन यंत्रांनी हा लोंढा टिपला होता. मजुरांना काही मिनिटांचा इशारा देता आला असता. मात्र नोंद वाचून भोंगा वाजविणारी व्यवस्थाच नव्हती. चीनमधील च्यांगच्या घळीत १९६१ पासून निरीक्षण केंद्र आहे. स्वित्झर्लंडच्या इलग्राबेन ओढ्यावर २००० पासून मोजणी चालते. येथे बोगद्यांना पैसा मिळतो, वरच्या ओढ्यांवर वर्षानुवर्षे पहारा ठेवण्यास नाही.