माऊस कोणाच्या हातात?

आमच्या आज्यानं गावची मेलेली ढोरं ओढली, सोलली. काळीज कुठं, फुप्फुस कुठं, आतडी किती लांब, सगळं त्याच्या हाताला ठाऊक. गावानं त्याला विद्या म्हटलं नाही. विटाळ म्हटलं.

आता तेच काळीज पडद्यावर धडधडतंय. ॲनिमेशन! वास नाही, विटाळ नाही. मास्तर बटण दाबतो, पोरं बघतात, घंटा होते. म्हणे डिजिटल शिक्षण! अरे, हे नवं पाठांतर आहे. पूर्वी ऐका आणि गप बसा, आता बघा आणि गप बसा. पडद्यावर शिरेतलं रक्त निळं दिसतं, पोरगी वहीत निळंच रंगवते. माणसाचं रक्त निळं नसतं. कोणाचंच नसतं. ऑक्सिजन कमी झाला की गडद लाल होतं, एवढंच. पण विचारायचं कोणाला?

सिम्युलेशनची गोष्ट वेगळी. तिथं पोरानंच विचारायचं : असं केलं तर काय होईल? अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा 'फेट' प्रकल्प २००२ पासून असली सिम्युलेशनं फुकट देतो. एकदा उतरवून घेतली की नेटशिवाय चालतात. त्यातले ससे घ्या. तपकिरी रान, पांढरे ससे, त्यात थोडे तपकिरी. लांडगे सोडा. पांढरे फस्त होत जातात. आता रानाचं बर्फ करा. पाळी तपकिऱ्यांची. म्हणजे कुठलाच ससा जन्मानं श्रेष्ठ नाही. हे ज्या पोरानं स्वतःच्या हातानं करून बघितलं, त्याला मनूची पोथी कशी पटवणार?

आणि नेमका हाच धडा! एनसीईआरटीनं २०२२ मध्ये दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती कापली. कारण काय, तर ओझं कमी करायचं. २०२३ मध्ये १८०० वर शास्त्रज्ञ-शिक्षकांनी निषेधाचं पत्र काढलं. ओझं होतं ते पोरांच्या पाठीवरचं, की कोणाच्या धर्मशास्त्रावरचं?

२०२३-२४ चे सरकारी आकडे बघा. देशातल्या १०० पैकी ५७ शाळांत चालू कॉम्प्युटर. उरलेल्या ४३ शाळांत कोणाची पोरं बसतात, ते आम्ही सांगायचं?

तेव्हा प्रयोगशाळेच्या बदली पडदा आम्हाला नको. कांद्याचा पापुद्रा पाहिजे, सूक्ष्मदर्शक पाहिजे आणि जोडीला सिम्युलेशन पाहिजे. कॉम्प्युटरच्या खोलीला कुलूप असेल तर किल्ली मागा. भीक म्हणून नाही, हक्क म्हणून. माऊस पोरांच्या हातात द्या. आज्याचा हात शिकलेलाच होता. नातवाला नुसतं बघत बसवू नका.