विश्लेषण : विजेची मोटार चार्ज होईना, दोष कोणाचा आणि दुरुस्ती कधी?

विजेवर चालणारी मोटार चार्ज झाली नाही, तर तक्रार कोणाकडे करायची? प्रश्न साधा वाटतो. पण पालघर किंवा बोईसरमधल्या मालकाने तो विचारायला सुरुवात केली की उत्तरे चार दिशांनी येतात. डीलर म्हणतो, तुमच्या घरच्या विजेत खोट आहे. वायरमन म्हणतो, लाइट व्यवस्थित आहे, गाडी दाखवून आणा. हायवेवरच्या चार्जिंग केंद्राची हेल्पलाइन सांगते, तुमची गाडी आमच्या यंत्राला ओळखतच नाही. आणि कंपनीचे कस्टमर केअर पुन्हा डीलरकडे पाठवते. पेट्रोलच्या गाडीत असा गोंधळ नसतो. पंप बंद असेल तर दोष पंपाचा, इंजिन बंद पडले तर दोष गाडीचा. इथे चौघांची जबाबदारी एकाच तारेत गुंफलेली आहे आणि मालक मधल्या मध्ये लोंबकळतो.

यंत्र म्हटले की बिघाड आलाच, तो समजून घेता येतो. पण हप्ते सुरू असताना गाडी आठवडेच्या आठवडे वर्कशॉपमध्ये पडून राहते, आणि ते दिवस मोजायला आपल्याकडे कोणी बांधील नाही. खरी तक्रार ही आहे.

आधी दोष शोधा

गाडीत वीज दोन वाटांनी जाते. घरच्या सॉकेटमधून मिळते ती एसी वीज. बॅटरीला लागते डीसी. म्हणून गाडीच्या पोटात एसीची डीसी करणारे एक यंत्र असते, त्याला ऑनबोर्ड चार्जर म्हणतात. हायवेवरचा फास्ट चार्जर हे काम स्वतःच करतो आणि डीसी वीज थेट बॅटरीकडे पाठवतो. ऑनबोर्ड चार्जरचा तिथे संबंध येत नाही. एवढा फरक लक्षात ठेवला तरी अर्धे निदान मालकालाच करता येते.

घरी चार्ज होत नाही, पण तीच केबल घेऊन नातेवाइकाकडे गेलात तर होते? मग दोष घरच्या विजेत. एसीवर कुठेच होत नाही, दुसरी केबल लावूनही नाही, पण मनोरच्या बाजूला हायवेवर फास्ट चार्जर लावला की सुरळीत होते? मग संशय ऑनबोर्ड चार्जरवर. एका केंद्रावर अडते आणि पुढच्या केंद्रावर चालते, तर केंद्राचा दोष. कुठेच काही होत नसेल, तर प्रकरण गाडीच्या आतले: चार्जिंग पोर्टचे कुलूप, बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा, नाही तर १२ व्होल्टची ती छोटी बॅटरी. ही छोटी बॅटरी अनेकांना माहीतही नसते. मोठी बॅटरी भरलेली असली तरी ही उतरली की गाडीचे संगणक जागे होत नाहीत आणि गाडी ठप्प होते. वर्कशॉपला गाडी नेण्याआधी ही तपासणी केली, स्क्रीनवरच्या संदेशाचा फोटो काढला आणि तारीख-वेळ लिहून ठेवली, तर ‘घरची लाइट तपासा’ हे उत्तर डीलरला सहज देता येत नाही.

घरच्या विजेत सर्वाधिक त्रास देते ते अर्थिंग. चार्जर वीज ओढण्याआधी अर्थ तपासतो. ती नसेल किंवा कमकुवत असेल तर लाल दिवा लावून थांबतो. ही चार्जरची खोड नसून त्याची सुरक्षा आहे. केळवे, सातपाटी, चिंचणीकडच्या किनारी भागात खारी जमीन आणि खारा वारा लोखंडी अर्थिंग खाऊन टाकतो. आतल्या मुरमाड जमिनीत उन्हाळ्यात ओल जाते आणि कोळसा-मीठ घालून केलेला खड्डा कोरडा पडतो. पावसाळ्यात चालणारे चार्जिंग एप्रिल-मेमध्ये अडू लागले, तर आधी त्या खड्ड्यात पाणी घालून पाहावे.

यावर काही वायरमन एक जुगाड करतात: सॉकेटमध्ये न्यूट्रलची तार अर्थला जोडून देतात. चार्जर फसतो आणि हिरवा दिवा लागतो. पण पुढे कधी न्यूट्रल तुटली तर गाडीच्या पत्र्यात करंट उतरू शकतो. पावसात ओल्या अंगणात उभ्या गाडीला मूल हात लावते, तेव्हा काय होईल याचा विचार करा. असा जुगाड करून घेऊ नका, आणि केला असेल तर आजच काढून टाका. चार्जिंगसाठी स्वतंत्र वायर, योग्य एमसीबी, गळती ओळखणारे आरसीसीबी आणि नीट अर्थिंग यांचा खर्च गाडीच्या किमतीपुढे किरकोळ आहे.

व्होल्टेजचा प्रश्न आहेच. देशातले पहिले अणुवीज केंद्र १९६९ पासून तारापूरला आहे, आणि त्याच तालुक्यात लोक ‘डीपी उडाला’ म्हणून रात्र काढतात, याची थट्टा जुनी आहे. केंद्राची वीज उच्चदाब वाहिन्यांतून थेट ग्रिडला जाते. तुमच्या घरी येणारी वीज ठरते ती गावातल्या फीडरवर आणि डीपीवर. व्होल्टेज फार खाली गेले की चार्जर बंद होतो. तो दोष महावितरणचा, आणि तक्रार १९१२ वर नोंदवून क्रमांक घ्यावा. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. तिच्यानुसार मालकाला गाडीच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागता येते. नवी जोडणी द्यायची मुदत नगरपालिका क्षेत्रात ७ दिवस आणि ग्रामीण भागात १५ दिवस आहे. पालघरला नगरपरिषद आहे, म्हणजे तिथे सात. आसपासच्या ग्रामपंचायतींत पंधरा.

वर्कशॉपमध्ये अडते कुठे?

गाडी विकायला प्रशस्त दालन आणि दोन-चार तरुण पुरतात. उच्च व्होल्टेजची बॅटरी उघडायला वेगळे प्रशिक्षण, वेगळे हातमोजे, वेगळी अवजारे लागतात. चारशे व्होल्टच्या आसपासच्या या यंत्रणेला गावातल्या अनुभवी मेकॅनिकनेही हात लावू नये, हे बरोबरच आहे. परिणाम असा की दालन जवळ असले, तरी बॅटरीवर काम करणारे हात बहुधा वसई, ठाणे किंवा मुंबईकडे असतात. तिथवर बंद गाडी न्यायची तर फ्लॅटबेड लागतो, कारण चाके जमिनीवर ठेवून ओढली तर मोटर फिरत राहते आणि आणखी नुकसान होते. त्यात मुंबई-अहमदाबाद महामार्गाची कोंडी. मेंढवण खिंडीत अडकलेल्या माणसाला ‘गाडी दोन तासांत पोहोचेल’ हे सांगणे म्हणजे क्रूर विनोद आहे.

गाडी पोहोचली तरी डीलर स्वतःहून बॅटरी किंवा ऑनबोर्ड चार्जर बदलत नाही. वॉरंटीत त्याला आधी कंपनीची मंजुरी लागते. गाडीतली नोंद कंपनीच्या अभियंत्यांकडे जाते, ते आणखी चाचण्या सांगतात, मग सुटा भाग मागवला जातो. कधी तो देशातल्या गोदामात नसतो. या साखळीत डीलरचा कर्मचारी तुमच्याइतकाच वाट पाहत असतो. त्याच्यावर ओरडून फारसा उपयोग नाही. कंपनीला लेखी विचारणा केली की मात्र हालचाल होते.

काही वेळा दोष एका गाडीचा नसतोच. ह्युंदाईने २०२४ मध्ये भारतातल्या १,७४४ आयोनिक ५ मोटारी तपासणीसाठी परत बोलावल्या. जुलै २०२२ ते एप्रिल २०२४ दरम्यान बनलेल्या या गाड्यांत चार्जिंग सांभाळणाऱ्या घटकात दोषाची शक्यता होती, ज्यामुळे १२ व्होल्टची बॅटरी उतरू शकते. म्हणून आपल्या मॉडेलसाठी रिकॉल निघाला आहे का, हे चेसिस क्रमांक टाकून कंपनीच्या संकेतस्थळावर पाहावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०-अ खाली सुरक्षेशी संबंधित दोषासाठी सक्तीचा रिकॉलही करता येतो. मालकांनी केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या पोर्टलवर नोंदवलेल्या तक्रारींची संख्या त्यात मोजली जाते. तिथे तक्रार करणारे फार थोडे, आणि कंपन्यांचे फावते ते त्यामुळे.

जॉब कार्ड हेच हत्यार

ग्राहक आयोगात जाणारे बहुतेक जण ‘गाडीत निर्मिती दोष आहे’ असे म्हणत जातात. तो सिद्ध करायची जबाबदारी तक्रारदारावर येते, तज्ज्ञांचा अहवाल लागतो, आणि कंपनीकडे तज्ज्ञांची फौज असते. माझ्या मते त्यासोबत सेवेतील त्रुटीचा मुद्दा आवर्जून आणि ठळकपणे घ्यावा. दोष दाखवायला प्रयोगशाळा लागते. उशीर दाखवायला जॉब कार्डवरच्या दोन तारखा पुरतात. म्हणून गाडी दिली त्या दिवशीचे जॉब कार्ड घ्या. त्यावर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. ‘जनरल चेकअप’ असे लिहू देऊ नका. बॅटरी किती टक्के, किलोमीटर किती, तेही टिपा. गाडी परत घेताना काय बदलले ते लेखी मागा. ‘सॉफ्टवेअर अपडेट केले’ एवढ्यावर समाधान मानू नका. फोनवर मिळालेले प्रत्येक आश्वासन त्याच संध्याकाळी ईमेलवर उतरवा: ‘आपण आज सांगितल्याप्रमाणे सुटा भाग अमुक तारखेला येईल.’ आणि त्यात बदली गाडी मागा. नियम नाही, असे सांगितले जाईल. तरी मागा, कारण नकारही कागदावर यायला हवा.

तक्रार कोणाविरुद्ध, हेही नीट ठरवावे. डीलर आणि कंपनी यांचे नाते मालक-नोकराचे नसून दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचे असते. गोव्यातल्या एका ग्राहकाला २०११ मध्ये २००९ चे मॉडेल विकले गेले होते. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितले की डीलरच्या लबाडीची माहिती असल्याचे दाखवल्याशिवाय कंपनीला त्यासाठी जबाबदार धरता येत नाही. धडा असा की दोघांनाही पक्षकार करा आणि कोणी काय केले ते वेगवेगळे लिहा.

तारापूर एमआयडीसीतल्या कारखानदारांसाठी एक वेगळी गोष्ट. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर ‘हा व्यावसायिक व्यवहार आहे, तुम्ही ग्राहक नाही’ असा आक्षेप हमखास येतो. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका आलिशान मोटारीच्या प्रकरणात, संचालकाच्या वैयक्तिक वापरासाठी कंपनीने घेतलेली गाडी व्यावसायिक हेतूत मोडत नाही, असे मान्य केले. वापर वैयक्तिक आहे, हे मात्र दाखवावे लागेल.

आयोगाची वाट महाग नाही. गाडीची किंमत १० ते २० लाख असेल तर शुल्क ४०० रुपये, २० ते ५० लाखांसाठी १,००० रुपये. २०१९ च्या कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो वा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, त्यामुळे कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची आहे. कायद्यात निकालासाठी तीन महिने, चाचणी लागल्यास पाच महिने, असे लिहिले आहे. कायद्यात लिहिलेल्या मुदतींचे काय होते ते वाचक जाणतात. म्हणून आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तिथली नोंद वाया जात नाही. ओला इलेक्ट्रिकच्या स्कूटरबद्दल तिथे वर्षभरात १०,६४४ तक्रारी जमल्या, त्यातल्या ३,३८९ सेवेतील विलंबाच्या होत्या. त्याच आकड्यांवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीला नोटीस काढली. ९९.१ टक्के तक्रारी सोडवल्याचे कंपनीने नंतर कळवले.

खांब मोजू नका, दिवस मोजा

सरकारी कागदांत चार्जिंग केंद्रांचे अंतर असते, संख्या असते. पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंगसाठी २,००० कोटी रुपये आहेत. राज्याच्या २०२५ च्या धोरणात महामार्गांवर दर २५ किलोमीटरला केंद्राची गोष्ट आहे. उभारलेले केंद्र चालू आहे का, हा प्रश्न मात्र मागे पडतो. ॲपवर हिरवे दिसणारे केंद्र प्रत्यक्षात बंद आढळले, तर १० टक्क्यांवर आलेल्या गाडीला पुढचे २५ किलोमीटर फार लांब असतात.

ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२४ पासून फास्ट चार्जर चालवणाऱ्या कंपनीची यंत्रे सरासरी ९९ टक्के वेळ चालू असलीच पाहिजेत, नाही तर दंड. चोवीस तासांची मोफत हेल्पलाइनही बंधनकारक आहे. गाड्यांबाबत अमेरिकेतल्या राज्यांत ‘लेमन लॉ’ आहेत. आपण गाडीला नजर लागू नये म्हणून लिंबू बांधतो. तिकडे सतत बिघडणाऱ्या गाडीलाच लिंबू म्हणतात. कॅलिफोर्नियात पहिल्या १८ महिन्यांत किंवा १८ हजार मैलांत गाडी एकूण ३० दिवसांहून अधिक दुरुस्तीत राहिली, तर दुरुस्तीची पुरेशी संधी देऊन झाली असे कायदा धरतो, आणि बदली गाडी किंवा पैसे परत मागण्याचा रस्ता मोकळा होतो.

आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ पोर्टल सुरू केले, त्यात वाहन क्षेत्रही आहे. पण पोर्टलवर कंपन्या माहिती देतात, मुदत पाळायचे बंधन घेत नाहीत. महाराष्ट्राला हे बंधन अनुदानाला जोडता येईल: सवलतीत गाड्या विकणाऱ्या कंपनीने जिल्हावार दुरुस्तीचे सरासरी दिवस दर तिमाहीला जाहीर करावेत, आणि १५ दिवसांनंतर बदली गाडी द्यावी. पालघरसारख्या जिल्ह्याचा आकडा मुंबईशेजारी छापला गेला, की प्रशिक्षित तंत्रज्ञ बोईसरला पाठवणे कंपन्यांना परवडू लागेल. राज्याचे धोरण ३१ मार्च २०३० पर्यंत आहे. आज घेतलेल्या बहुतेक मोटारींच्या बॅटरीची आठ वर्षांची वॉरंटी त्यानंतरही चालू असेल.