विश्लेषण : तांब्याची तार जाणार, पाटीवरच्या क्रमांकाचे काय?

दुकानाच्या पाटीवर, बिलबुकावर आणि जुन्या गिऱ्हाइकांच्या डायरीत ०७१५२ ने सुरू होणारा क्रमांक कायम आहे. पण लाइनवर कधी खरखर, तर कधी पावसात आठवडाभर शांतता. वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगाव मेघेसारख्या वस्तीत पॅथॉलॉजी लॅब, कृषी केंद्र किंवा हार्डवेअरचे दुकान चालवणाऱ्याला आता जुनी यंत्रणा बदलायची की नुसत्या मोबाइलवर भागवायचे, हे ठरवावे लागते. हा निर्णय वरवर उपकरणाचा वाटतो. प्रत्यक्षात तो वर्षानुवर्षे लोकांच्या तोंडी बसलेल्या क्रमांकाचा आहे.

तांब्याची लाइन मागे का पडली?

देशात लँडलाइन जोडण्यांची संख्या या शतकाच्या पहिल्या दशकाच्या मध्यावर चार कोटींच्या पुढे होती. मार्च २०२० पर्यंत ती दोन कोटींवर आली. त्यानंतर ती पुन्हा वाढली, पण तांब्यामुळे नव्हे, तर फायबरमुळे. ऑगस्ट २०२२ मध्ये जिओने बीएसएनएलला मागे टाकले आणि ती देशातील सर्वांत मोठी लँडलाइन सेवा झाली. दुसरीकडे, जानेवारी २०२० अखेर बीएसएनएलच्या सुमारे ७८ हजार कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. तांब्याची केबल सांभाळायला माणसे लागतात. रस्ता खोदताना ती तुटते, जोडावर पाणी शिरते, चोरीलाही जाते. त्यामुळे बीएसएनएलही ग्राहकांना फायबरकडे वळवत आहे. ब्रिटनने जुने टेलिफोन जाळे बंद करण्यासाठी जानेवारी २०२७ ही मुदत ठरवली आहे. आपल्याकडे मात्र हा बदल एक्स्चेंजगणिक, गुपचूप होत चालला आहे.

फायबर आल्यावर काय बदलते?

सर्वांत मोठा फरक विजेचा. तांब्याच्या तारेतून आवाजाबरोबर एक्स्चेंजच्या बॅटरीची सुमारे ४८ व्होल्टची वीजही येते. म्हणून वादळात गावचे दिवे गेले तरी साधा फोन चालत असे. फायबरमधून फक्त प्रकाश येतो. भिंतीवरच्या छोट्या डबीला, म्हणजे ओएनटीला, दुकानातील वीज लागते. ती गेली की फोनही गेला. त्यामुळे ओएनटीसाठी छोटा यूपीएस हा ऐच्छिक खर्च नव्हे, तर यंत्रणेचाच भाग समजावा. दवाखाना किंवा औषध दुकानासाठी तर तो अनिवार्यच.

जुना क्रमांक टिकतो का?

इथेच अनेकांची गफलत होते. मोबाइल क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभरात जानेवारी २०११ पासून आहे. लँडलाइनला ती नाही. बीएसएनएलच्याच तांब्यावरून फायबरवर जाताना जुना क्रमांक सहसा ठेवता येतो. खासगी कंपनीकडे गेल्यास नवा क्रमांक मिळतो. म्हणजे महिन्याला शंभर-दोनशे रुपये वाचवताना पाटी, बिलबुक, जीएसटी नोंदणी आणि गिऱ्हाइकांची सवय हे सगळे बदलावे लागू शकते.

जुने ईपीएबीएक्स टाकून द्यावे लागते का?

लगेच नाही. ओएनटीच्या टेलिफोन पोर्टमधून निघणारी तार जुन्या ईपीएबीएक्सला बाहेरची लाइन म्हणून जोडता येते. आतले फोन जसेच्या तसे राहतात. मात्र दोन गोष्टी तपासून घ्याव्यात. बाहेरून फोन करणाऱ्याचा क्रमांक दिसतो का? आणि समोरच्याने फोन ठेवल्यावर लाइन मोकळी होते का? दुसरी अडचण राहिली तर लाइन तासन् तास अडकून पडते. फॅक्स किंवा चोरीचा इशारा देणारी यंत्रणा याच लाइनवर असेल तर तीही चालवून पाहावी. नव्या जाळ्यावर ती दगा देऊ शकते.

जुन्या यंत्राचे सुटे भाग मिळेनासे झाले असतील तर आयपी फोन किंवा इंटरनेटवरून चालणारी क्लाउड यंत्रणा हा पर्याय उरतो. त्यात दुकानात कोणी नसताना कॉल थेट मालकाच्या मोबाइलवर जातो. पण परवानाधारक कंपनीकडूनच ही सेवा घ्यावी. यंत्रासोबत आलेला पासवर्ड बदलावा आणि गरज नसल्यास परदेशी कॉल बंद ठेवावेत. नाहीतर रात्रीतून परक्याच्या कॉलचे बिल अंगावर पडते.

नुसता मोबाइल का पुरत नाही?

एकट्याच्या दुकानाला पुरतो. पण दोन-चार जण कामाला असतील, तर क्रमांक कुणाच्या तरी खिशात फिरतो आणि तो माणूस गेला की गिऱ्हाईकही त्याच्यामागे जाते. म्हणून सिम व्यवसायाच्या किंवा मालकाच्या नावावर असणे महत्त्वाचे. व्हॉट्सॲप बिझनेस लँडलाइन क्रमांकावरही नोंदवता येते, पडताळणीचे अंक फोन करून सांगितले जातात. म्हणजे जुन्याच क्रमांकावर फोनही येईल आणि ऑर्डरचा फोटोही.

पुढे आणखी काय बदलणार?

लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावण्याचा नियम १५ जानेवारी २०२१ पासून आहे. ट्रायने फेब्रुवारी २०२५ मध्ये आणखी पुढची शिफारस केली: लँडलाइनवरून शेजारच्या लँडलाइनलाही शून्य आणि एसटीडी कोडसह पूर्ण क्रमांक लावावा. क्रमांक बदलणार नाही, लावण्याची पद्धत बदलेल. तेव्हा नवी पाटी रंगवताना नुसते सहा अंक न लिहिता ०७१५२ सह पूर्ण क्रमांक लिहिलेला बरा.

क्रम कसा असावा?

आधी महिनाभर किती फोन येतात, किती वाया जातात, हे वहीत टिपावे. क्रमांक कायम राहील, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. नवी जोडणी दिवे घालवूनही तपासावी. नवा क्रमांक घ्यावाच लागला, तर जुनी लाइन काही महिने चालू ठेवून त्यावरचे कॉल नव्याकडे वळवावेत. जुन्या जोडणीचा अर्ज, थकबाकी आणि अनामत रकमेचा हिशेब ही कामे सर्वांत शेवटी. एकदा सोडलेला क्रमांक परत मिळेलच याची खात्री नसते. उद्या तो दुसऱ्याच कुणाच्या दुकानात वाजू शकतो.